मिस व्हर्लिनची बटणं

मिस व्हर्लिन कजो माझ्या मुलीच्या शाळेत मदतनीस होत्या. शिक्षिका नाही, समुपदेशक नाही, मदतनीस. हा फरक मी एकदा एका पत्रात फार ठासून लिहिला होता.

आम्ही बेटांवरून येऊन राहिलो त्या फ्लॅटबुश वस्तीतल्या जुन्या चार मजली इमारतीत तीन शाळा आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावरची मुलींची सरकारी शाळा सर्वांत लहान, जेमतेम अडीचशे मुली. ती सुरू झाली तेव्हा आम्हा आयांमध्ये बरीच थट्टा चालायची. तिथे गणिताआधी दहा मिनिटं डोळे मिटून बसवतात, भांडण झालं तर शिक्षा म्हणून श्वास घ्यायला लावतात. नव्या माणसाला नोकरीवर घ्यायचं असलं तर मुलाखतीला मुलीही बसतात, आणि त्यांचं मत मोजलं जातं. "आमच्या ग्रेनाडात मास्तरीणबाई एक छडी मारायची, श्वास आपोआप यायचा," असं मीही म्हणाले होते. तरी माझ्या माकेडाचं नाव तिथेच घातलं, कारण शाळा लहान होती आणि मला भीती मोठी होती.

शाळेच्या दारात, मेटल डिटेक्टरच्या पलीकडे, मिस व्हर्लिनचं राज्य. वय साठीच्या आसपास, उंच, पायात नर्सचे पांढरे बूट, थर्मासमध्ये आल्याचा कडक चहा. त्या आमच्या शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या. तरुणपणी बेटाच्या नेटबॉल संघात होत्या, इथे आल्यावर वीस वर्षं म्हाताऱ्यांच्या घरी राहून त्यांची सेवा केली. शेवटची आजीबाई गेली तेव्हा, त्या सांगायच्या, "म्हटलं, आता असं माणूस बघावं ज्याचं वय वाढताना आनंद होईल."

त्यांची आई शिवणकाम करायची. तिच्या डब्यातली कोटांची मोठी बटणं मिस व्हर्लिननी इथे आणली होती. भिंतीवर कापडाचा पडदा, त्यावर त्यांनी स्वतः शिवलेले कप्पे, प्रत्येक मुलीच्या नावाचा एक. सकाळी मुलगी आली की टोपलीतून एक बटण उचलून आपल्या कप्प्यात टाकायची. हिरवं म्हणजे बरी आहे. पिवळं म्हणजे आज जरा सांभाळून घ्या. लाल म्हणजे मला बोलायचंय. लालवाल्या मुलींना मिस व्हर्लिन जेवणाच्या सुट्टीत आपल्या खोलीत बोलवायच्या. ती खोली म्हणजे पूर्वीची झाडू-पोछ्याची कोठडी. आता तिथे दोन खुर्च्या आणि एक गोधडी होती.

केझिया नावाची एक मुलगी रोज लाल टाकायची. तिची आई वारली होती, ती मावशीकडे राहायची आणि मावशी पहाटेच कामावर जायची. मिस व्हर्लिन तिला रोज साडेसहाला फोन करायच्या. "ऊठ ग महाराणी, तुझ्या राजवाड्यात कोंबडा नाही म्हणून मला आरवावं लागतं." केझिया शिव्या घालत उठायची आणि शाळेत यायची.

गेल्या ऑक्टोबरात एकदा माकेडा डबा विसरली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दुपारची पाळी असते, म्हणून डबा द्यायला गेले. तिच्या कप्प्यात लाल बटण होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वेटर घेऊन गेले. लाल. तिसऱ्या दिवशी ती काहीच विसरली नव्हती, तरी मी गेले. पुन्हा लाल.

"मिस व्हर्लिन, माझ्या मुलीला काय झालंय?"

"या, बसा ना मिसेस ऑगस्टीन. चहा घेता?"

"चहा नकोय. ती तुमच्याशी काय बोलते?"

"ते तिचं आहे. जिवाला धोका असता तर त्याच दिवशी तुम्हाला बोलावलं असतं, तसा नियमच आहे. तसलं काही नाही. तुम्ही तिलाच विचारा."

"विचारलं. ती म्हणते, काही नाही."

"मग परत विचारा. आणि विचारताना तो फोन हातातून खाली ठेवा, बाई. मघापासून तुम्ही तो चार वेळा बघितलात."

मी तडक जिना उतरले. मी जीवशास्त्रातली पदवीधर, आणि बटणं वाटणारी एक बाई मला माझ्या मुलीशी कसं बोलायचं ते शिकवते. त्या दुपारी लॅबमध्ये चहाच्या सुट्टीत मी शिक्षण कार्यालयाला तक्रार लिहिली. वीस मिनिटांत. कॉलेजात निबंधाला मला नेहमी वरचे गुण असत, ते सगळं कौशल्य मी तिथे ओतलं. अप्रशिक्षित व्यक्ती अल्पवयीन मुलींना बंद खोलीत सल्ला देते. पालकांपासून माहिती लपवते. वाचून पाहिलं तर एकही वाक्य खोटं नव्हतं. पाठवून टाकलं.

दोन आठवड्यांत चौकशी होईपर्यंत म्हणून मिस व्हर्लिनची बदली झाली, कनार्सीच्या पुढे, दोन बस बदलून जावं लागतं अशा एका शाळेच्या गोदामात. पडदा भिंतीवरच राहिला. मुली आठवडाभर बटणं टाकत राहिल्या. उचलणारं कोणी नव्हतं.

माकेडा घरी येऊन म्हणाली, "मम्मी, कुणीतरी मिस व्हर्लिनची तक्रार केली. कोण असेल ग इतकं दुष्ट?"

माझी सुट्टी होती, मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

जानेवारीत मुख्याध्यापिका डॉ. प्रेस्कॉट यांचा फोन आला. मिस व्हर्लिनच्या रिकाम्या जागेसाठी मुलाखती होत्या, आणि सप्टेंबरात पालक प्रतिनिधी म्हणून मीच नाव दिलं होतं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. गेले तर टेबलापाशी डॉ. प्रेस्कॉट, विज्ञानाचे एक सर आणि दहावीच्या दोन मुली. त्यांतली एक माकेडा.

पहिल्या दोन उमेदवार बऱ्या होत्या. तिसऱ्या उमेदवार म्हणून मिस व्हर्लिन आत आल्या. जागा जाहीर झाली होती, अर्ज कुणालाही करता येत होता, तसा त्यांनीही केला होता. जरा लंगडत होत्या. कनार्सीच्या बसथांब्यावर बर्फावरून घसरल्या होत्या, हे त्यांनी हसत सांगितलं. "गोदामात मला कागदाचे रिम मोजायला ठेवलंय. कागद फार गुणी, कधी रडत नाही."

त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीची प्रत त्यांना मिळाली होती, खाली माझ्या नावासकट. डॉ. प्रेस्कॉटनाही ते माहीत होतं. मुलींना नव्हतं.

माकेडानं आपला कागद सरळ केला. प्रश्न तिनं स्वतः लिहिला होता आणि तिघींनाही तोच विचारला. "एखाद्या मुलीची आई येऊन म्हणाली, माझ्या मुलीनं तुम्हाला काय सांगितलं ते सांगा, तर तुम्ही काय कराल?"

आधीच्या दोघींनी धोरण आणि नियमावली असं काहीबाही सांगितलं होतं. मिस व्हर्लिननी दुखरा पाय सरळ केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिला बसायला सांगेन," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी एक आई आली होती, तेव्हा मी उभ्या उभ्याच चार शब्द सुनावले. ती घाबरलेली होती आणि मी तिला टोमणा मारला. चूक माझीही होती."

"ती आईच तक्रारवाली का?" दुसरी मुलगी पुढे झुकली. "कोण होती ती? सांगा ना, आम्ही काही करणार नाही. फक्त बघून घेऊ!"

"तुम्ही मला सांगितलेलं मी कुणाला सांगितलं का कधी?"

"नाही."

"मग तिचंही नाही सांगणार."

त्या बाहेर गेल्यावर दोन्ही मुलींनी आणि सरांनी एकदमच हात वर केले. डॉ. प्रेस्कॉटनी चष्मा काढला. "मलाही त्याच हव्यात. पण तक्रार अजून उघडी आहे. कार्यालय मंजुरी देणार नाही. ज्यानं लिहिली त्यानं मागे घेतली तरच." त्या हातातल्या फायलीकडेच बघत होत्या. "ते कोण, हे मी सांगू शकत नाही."

"म्हणजे झालंच की," माकेडा म्हणाली. "तसलं माणूस कशाला मागे घेईल?"

घरी जाऊन गुपचूप मागे घ्यावी, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. कुणाला कळलं नसतं, मिस व्हर्लिन बोलल्या नसत्याच. पण माकेडाचं ते "तसलं माणूस" टेबलावर पडून होतं आणि तिचा कोपर माझ्या कोपराला लागलेला होता.

"मी लिहिली होती," मी म्हणाले.

माकेडानं कोपर काढून घेतला. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं आपल्या कागदाची कोरी बाजू वर केली, पेन त्यावर ठेवलं आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवली. "लिही."

बसमध्ये ती माझ्यापासून दोन बाकं लांब बसली. युटिका अ‍ॅव्हेन्यूवर उतरल्यावर मात्र थांबली. "तुला माहितेय, मी तिथे काय बोलायचे? तू दिवसात नऊ वेळा फोन करतेस. एकदा उचलला नाही तर शाळेच्या ऑफिसात करतेस. मला वाटायचं, तुला काहीतरी होईल. मिस व्हर्लिन म्हणायच्या, तुझी आई घाबरली की ओरडते, तिच्यावर रागावू नकोस. दर वेळी तुझीच बाजू घ्यायच्या." मग ती भराभर पुढे चालू लागली.

मार्चमध्ये मिस व्हर्लिन परत आल्या. मी ब्लॅक केक करून घेऊन गेले, नाताळचा असतो तसा, रम घालून. त्यांनी वास घेतला. "रम ग्रेनाडाची दिसते. चालेल, दुसरी काय मिळणार म्हणा!" मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि पडद्याकडे पाहिलं. केझियाचा कप्पा रिकामा होता.

केझिया डिसेंबरपासून शाळेत आली नव्हती. आधी उशिरा येऊ लागली, मग एक दिवसाआड, मग नाहीच. शाळेनं छापील पत्रं पाठवली होती. साडेसहाला फोन करणारं कोणी नव्हतं. आता मिस व्हर्लिन पुन्हा करत होत्या, पण तो नंबर बंद लागत होता.

"मावशी तिला घेऊन तिकडे दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात गेली म्हणतात," त्या म्हणाल्या. "पत्ता मिळालाय. मी लिहायला बसते, पण माझं लिहिणं म्हणजे बाजाराची यादी." त्यांनी केकचा डबा टेबलावर ठेवला. "तुम्हाला चांगलं पत्र लिहिता येतं, मिसेस ऑगस्टीन. मी वाचलंय. तिच्या मावशीला एक लिहा. पोरीला तिथे तरी शाळेत घाल म्हणावं."

त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे मी आठवड्याभरात पुष्कळदा आठवून पाहिलं. नव्हता बहुतेक.

कागद पुढे घेऊन बसले आहे. मावशीला मी कोण म्हणून सांगायचं, तिथेच दर वेळी अडते. तक्रार मी वीस मिनिटांत लिहिली होती. या पत्राची ही पाचवी सुरुवात आहे, आणि साडेसहाचा तो फोन कुणामुळे थांबला, हे लिहिल्याशिवाय ते पुढे जात नाही.