आधी फडकं, मग पातेलं

फरशीकाका कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की हॉलमध्ये टेकायच्या आधी बाथरूम बघून यायचे. नवीन घर घेतलेल्यांना वाटायचं, गेले असतील तोंड धुवायला. काका आत टाइल्सवर बोट फिरवत असायचे. बाहेर येऊन यजमानांच्या तोंडावर सांगायचे, "सांधे कच्चे आहेत." माझ्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या अपार्टमेंटमध्ये तर "हे प्लॅस्टिक आहे" एवढंच बोलले आणि चहा मागितला. मी पुण्याहून नुकतीच आले होते, मला त्यांचा भयंकर राग आला. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी जेवायला बोलावलं, आणि मग बारा वर्षं माझे बहुतेक रविवार त्यांच्याच टेबलावर गेले.

मूळचे ते सांगलीचे. इथे मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात इंजिनियर होते. ते रिटायर झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगी लांब टेक्सासात, फ्रिस्कोला. रिकामं घर खायला उठायला लागलं, तेव्हा काका जवळच्या ॲन आर्बर गावातल्या एका छोट्या संग्रहालयात व्हॉलंटियर म्हणून टूर द्यायला लागले. विषय एकच, मध्ययुगातल्या इराणी फरश्या. दर्ग्यांच्या भिंतींवर आठ टोकांच्या चांदण्या, दोन चांदण्यांच्या मधे फुल्या, त्यावर तांब्यासारख्या चकाकीत ससे, हरणं, वेली, आणि कडेने बारीक अक्षरं. एकदा भाजलेल्या फरशीवर चांदी-तांब्याच्या रंगाने चित्रं काढून ती पुन्हा भाजायची, अशी ती रीत. "आम्ही एवढी यंत्रं लावून गाडीला रंग द्यायचो, दहा वर्षांत उडायचा," काका म्हणायचे. "यांचा सातशे वर्षं टिकलाय." हे सांगताना ते अगदी खजील व्हायचे, जणू त्या कारागिरांनी त्यांना परीक्षेत नापास केलं होतं.

खरी फरशी कशी ओळखायची, हा त्यांचा आवडता धडा. तुटलेली कड बघायची. दुकानातल्या नकलेचं पोट विटेसारखं लाल असतं, खरीचं पांढरं आणि खरबरीत, खडीसाखरेचा खडा मोडल्यासारखं. टूरच्या शेवटी ते एका भिंतीचा फोटो दाखवायचे. अर्ध्या फरश्या गायब, नुसते खड्डे. तिथे त्यांचा आवाज चढायचा. ह्या पडल्या नाहीत, उपटल्यात, आणि ज्यांनी हौसेने विकत घेतल्या तेही तितकेच चोर, असं ते सुनावायचे. भलेभले पाहुणे माना खाली घालायचे.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावरही मधोमध एक आठ टोकांची फरशी होती. संग्रहालयाच्या दुकानातली नक्कल, असं त्यांनी रविवारी जेवायला येणाऱ्या आम्हा सगळ्यांना सांगितलेलं. गरम भांडी आम्ही तिच्यावरच ठेवायचो. फक्त नियम होता, आधी फडकं, मग पातेलं. घाईत कोणी विसरलं तर काका हातातलं ताट सोडून धावायचे. मी चिडवायचे, "काका, नकलेचे एवढे लाड?" ते हसायचे आणि आमटी वाढून घ्यायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी एवढा बर्फ पडला की बाकीच्यांनी येणं कॅन्सल केलं. मी त्यांचं घर गाठलं कसंबसं. खिचडीचा कुकर उतरवला, दुसऱ्या हातात फोन, आणि बोलता बोलता कुकर दणकन फरशीवर आदळला. फडकं नाही, काही नाही. टक् झालं. फरशीचं एक टोक तुटून टेबलावर पडलं.

मी आपली सहज म्हणाले, "सॉरी काका, दुकानातून दुसरी आणून देते." आणि तो तुकडा उचलला.

पोट पांढरं होतं. खडीसाखर.

काका खुर्चीत बसले होते. त्यांनी फरशी उलटी केली, मागे चिकटवलेली बुचाची चकती सुरीने सोलून काढली. खाली जुन्या गिलाव्याचा थर तसाच होता.

"ही भिंत आहे," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याच्या गॅरेज सेलमध्ये त्यांनी ती रंग आवडला म्हणून घेतली होती. तो माणूस तरुणपणी इराणात कामाला होता. संग्रहालयाच्या ट्रेनिंगमध्ये कड आणि पाठ बघायला शिकवलं, आणि काकांनी घरी येऊन तपासलं. त्याच दिवशी मागे बूच चिकटवलं.

"भिंतीवर लावली असती तर जाणत्या माणसाने विचारलं असतं. पातेल्याखाली कोण बघतो? पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं गं, मग रोज एक दिवस उशीर होत गेला."

मी हादरले होते आणि संतापलेही होते. बारा वर्षं हा माणूस जगाला चोर म्हणत होता, आणि आमच्याकडून सातशे वर्षांच्या फरशीवर कुकर ठेवून घेत होता. मी ते बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. संग्रहालयात सांगितलं तर टूर जाईल, नाव जाईल, आणि काकूंमागे त्यांच्याजवळ तेवढंच होतं, हे दोघांनाही माहीत होतं. खिचडी गार झाली. मी बूट घालत असताना ते म्हणाले, "मंगळवारी सुट्टी घेशील? मला ड्राइव्ह करवणार नाही."

मंगळवारी त्यांनी संग्रहालयाच्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली फरशी ठेवली, आणि शेजारी गोळ्यांच्या डबीत ते टोक. तिथल्या बाईंनी विचारलं, देणगीदार म्हणून कोणाचं नाव लिहू? "जे माझं नव्हतं, ते दान कसं करू?" काका म्हणाले आणि गळ्यातला बिल्ला काढून त्यांच्यापुढे ठेवला. बाई नको नको म्हणत होत्या. परतीच्या वाटेवर नोव्हाय आलं तेव्हा काका म्हणाले, "कुकर आपटलास ते बरं झालं." मला पुढचा रस्ता दिसेना, गाडी बाजूला घ्यावी लागली.

उन्हाळ्यात मुलगी त्यांना फ्रिस्कोला घेऊन गेली. तिथेच गेल्या वर्षी ते गेले. फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तशीच उभी राहिले, आत जायचं सुचेना.

परवा मुद्दाम ॲन आर्बरला जाऊन आले. फरशी काचेच्या कपाटात आहे. खाली छोटी पाटी. इराण, अंदाजे सातशे वर्षांपूर्वीची, मूळ भिंतीचा शोध चालू. देणगीदाराचं नाव नाही. शेवटी लिहिलंय, एक टोक अलीकडे तुटलेलं. मी ते तीनदा वाचलं. आमच्या बारा वर्षांच्या रविवारांबद्दल तिथे तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते माझ्याबद्दल होतं.