पांढऱ्या घरातले कुंकू

मालनबाईंचा उजवा पाय अजूनही प्रत्येक दारात वीतभर उचलला जाई. नव्या घराला उंबरठा नव्हता; पण जन्मभर उंबरठे ओलांडलेल्या पायाला ते कोणी समजवावे? उचललेला पाय जरा जास्तच खाली पडे, आणि हात आधाराला भिंत शोधू लागत. भिंत सापडे. ती भिंतच आहे, कपाट आहे की न्हाणीघराचे दार, एवढे मात्र कळत नसे.

शीळफाट्याजवळच्या टॉवरमधले हे घर त्यांच्या मुलाने, विनीतने घेतले आणि सुनेने, रुचिताने ते पांढरे करून घेतले. लादी पांढरी, ओटा पांढरा, सोफा पांढरा. कपाटांना मुठी नाहीत. नेमक्या जागी दाबले तरच ती उघडतात. डोंबिवलीच्या जुन्या घरातून आलेले शिसवी देवघर एका पांढऱ्या झडपेआड गेले आणि काजळी धरते म्हणून देवापुढे विजेची पणती आली. हे सारे शौनक नावाच्या दाढीवाल्या सजावटकाराच्या सल्ल्याने.

"आजी, भविष्यातलं घर असंच असणार," तो म्हणाला होता. "वस्तू सगळ्या असतील, पण दिसणार नाहीत. डोळ्यांना एकदम शांत!"

"आणि सापडणार कशा रे?"

सगळे हसले. आजींचा विनोद सर्वांना आवडला. मालनबाईंनी विनोद केलेला नव्हता.

साताऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या डोंबिवलीत आल्या आणि रंगांवर जगल्या. साड्यांना फॉल लावणे, पिको करणे, हा त्यांचा व्यवसाय. आंब्याच्या कोयीचा पिवळा आणि पिकल्या पानाचा पिवळा यांतला फरक त्या रीळ हातात घेताच सांगत. नवरा लवकर गेला; विनीतचे शिक्षण त्या रिळांवर झाले. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत यंत्राचा प्रकाश टाकून "काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची," असे सांगितले, तेव्हा त्या एकट्याच होत्या. घरी भजनी मंडळाचे निमित्त सांगून गेल्या होत्या. गडद रंग अजून दिसत होते. फिक्यावर फिके मात्र उमटत नव्हते, आणि मुला-सुनेने नेमके तसलेच घर करून दिले होते.

घरी सांगायचे त्यांना धैर्य झाले नाही, त्याला कारण रवींद्रभावोजी. हे त्यांचे धाकटे दीर. त्यांची दृष्टी गेली तेव्हा विनीतनेच धावपळ करून मोहने गावाच्या पलीकडे अंध-वृद्धांच्या एका संस्थेत त्यांची सोय लावली. "काका, तिथं तुम्हाला काही कमी पडणार नाही," असे तो किती मायेने म्हणाला होता! मालनबाई एकदा भेटायला गेल्या. पांढरी खोली, पांढरी खाट. भावोजी तळहात भिंतीवर फिरवत दार शोधत होते. "वहिनी, दार इकडंच होतं ना हो?" ते पुनःपुन्हा विचारत होते. तो तळहात मालनबाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नसे. नवल असे की तेवढा तो स्पष्ट दिसे.

म्हणून त्यांनी कुंकवाचा करंडा काढला. सवाष्णपणीचा, चांदीचा, देवापुरताच आता त्याला हात लागे. मुलगा-सून कामावर गेले की त्या अनामिकेने खुणा करीत. न्हाणीघराच्या दाराला एक बोट. डब्यांच्या कपाटाला दोन. ओट्याच्या कडेला आडवी रेघ, कारण शेगडीची सपाट पांढरी काच तापलेली असली तरी तशीच शांत दिसे आणि एकदा त्यांचा तळवा तिच्यावर टेकला होता. तो भाजलेला हात त्यांनी चार दिवस पदराखाली ठेवला. दुपार टळताच, मुलगा-सून परतण्याआधी, त्या ओल्या फडक्याने सारे पुसून काढीत. मात्र पुसलेले पुरते गेले की नाही, हे पाहायला डोळे कोठून आणणार?

ते पाहत होती गोदा. जवळच्या गावठाणातली ही स्थानिक बाई रोज त्यानंतर कामाला येई आणि उरलेसुरले डाग काही न बोलता पुसून टाकी. मालनबाईंना ह्याचा पत्ता नव्हता.

गावदेवीच्या जत्रेला गोदाने सुट्टी घेतली आणि त्या संध्याकाळी रुचिताची किंकाळी ऐकू आली.

"विनीत! हे बघ. दारावर कुंकू फासलंय कुणीतरी!"

"अगं, सॉस-बिस असेल."

"न्हाणीघराच्या दाराला सॉस? ओट्यावर पण आहे. करणी आहे ही, करणी!"

"एमबीए झालीस ना गं तू?"

"एमबीएत हे शिकवत नाहीत! आणि ही जमीन कुणाची होती? गोदाच्या सासरची. मनात राग असणारच की. आई, तुम्ही घरातच होतात, कोण आलं होतं?"

"कोणी नाही," मालनबाई म्हणाल्या. आपण खोटे बोललो नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण रात्रभर भावोजींचा तो तळहात भिंतीवर फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी रुचिता मुद्दाम घरी थांबली. गोदा आली तशी तिला दारातच उभी केली.

"ताई, मना काय ठावं? मी लादी पुसतंय न घरा जातंय."

"मग हे कुंकू कुठून येतं? मला सगळं कळतं हं, गोदा."

"अवो, त मीच रोज पुसतंय! मीच लावतंय न मीच पुसतंय व्हय? मना दुसरी कामा नाय?"

"रोज? म्हणजे हे रोज चाललंय? बास. उद्यापासून येऊ नकोस. आणि टॉवरमधल्या बाकीच्यांनाही मी सांगणार आहे."

गोदाचा आवाज एकदम खाली आला. "ताई, चार घरा हायती माझी याच टावरात. असा नका करू."

मालनबाई सोफ्यावर बसून ऐकत होत्या. गप्प राहिले तर ही बाई कामाला मुकणार. बोलले तर पांढरी खोली. त्या उठल्या. सवयीने पाय उचलला, तो धप्पकन खाली पडला आणि त्या दाराच्या कडेवर आदळल्या. गोदानेच धावून दंड धरला.

"मी लावते ते कुंकू," त्या म्हणाल्या. "दारं कळत नाहीत मला. दिसत नाही, रुचिता."

रुचिताने सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे करणी नव्हती! अहो आई, आधी नाही का सांगायचं? केवढी घाबरले मी!"

गोदाचे काम टिकले. तिची क्षमा कोणी मागितली नाही.

संध्याकाळी विनीत आईजवळ येऊन बसला. रागावला नाही. त्याने तिचा भाजलेला तळवा हातात घेतला आणि फार मायेने बोलला. तो स्वर मालनबाईंच्या ओळखीचा होता.

"आई, रविवारी नुसतं बघून येऊ. काकांची संस्था आता बदललीय गं. नवी इमारत झालीय. एकदम आधुनिक, पांढरीशुभ्र. तुला काही कमी पडणार नाही."

मालनबाई "बरं" म्हणाल्या. रविवारी गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी चाचपडत देवघराची झडप शोधली, देवापुढचा करंडा उचलला आणि कमरेला घट्ट खोचला. तिथले दार कोणत्या भिंतीला आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवायचे होते. आणि रवींद्रभावोजींना दार दाखवता यावे म्हणून त्यांच्या दारालाही एक बोट लावायचे होते.