बाईंची सात मिनिटं

अजूनही आठवलं की माझं डोकं सणकतं. आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

श्रीरामपूरच्या ज्या बाईंनी मला पियानो शिकवला, त्या उभं आयुष्य चर्चमध्ये वाजवत आल्या. दर रविवारी, लग्नांना, मातीला. गेल्या वर्षी त्यांची बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, फार तर अजून काही महिने वाजवता येईल. मी भेटायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, लोक कायम माझ्या वाजवण्यावर गायलेत. गप बसून कुणी ऐकलंच न्हाई. एकदा तसं व्हावं बघ."

म्हणून मी हा कार्यक्रम ठरवला. नगरजवळ एक जुनी गढी आहे, तिचा दिवाणखाना अजून धड आहे. मेणबत्त्यांचा उजेड, गप बसलेले लोक, आधी माझे तीन विद्यार्थी आणि शेवटी बाई. सावेडीतून माझा पियानो टेम्पोत घालून नेला, आठ जणांनी घाम गाळत पायऱ्या चढवला. गढी आठला रिकामी करून द्यायची, एवढीच अट होती. सहा ते आठ, म्हटलं भरपूर वेळ आहे. भरपूर म्हणे! कप्पाळ माझं!

गढी सांभाळणाऱ्या गावातल्या समितीने पाहुणे बोलावले. पाहुणे आले की सत्कार आलाच. आधी प्रमुख पाहुण्यांचा, मग त्यांच्या गाडीत बसून आलेल्यांचा, मग मांडववाल्याचा. शाल, नारळ, फोटो. फोटोसाठी मेले मोबाईलचे दिवे लावायचे; मग मेणबत्त्या कशाला पेटवल्या होत्या आम्ही? एकाने भाषणाची सुरुवातच केली, "मला संगीतातलं काही कळत नाही," आणि वीस मिनिटं बोलला. पुढच्या रांगेत बाई पदराखाली बोटं चोळत बसल्या होत्या.

मग माझं नाव पुकारलं. "बास करा आता!" असं तिथेच ओरडायला हवं होतं. पण वाईट दिसेल, समिती नाराज होईल, म्हणून मी गेले. शाल घेतली. वर हसून फोटोही काढून घेतला. लाज वाटते सांगताना.

मुलांनी कसंबसं घाईत उरकलं. पावणेआठ झाले. बाईंची रचना सातच मिनिटांची होती. त्या उठल्या, पियानोपाशी गेल्या, स्टूल पुढे ओढून बसल्या. तेवढ्यात आभार मानणारे गृहस्थ लांबलचक यादी घेऊन माईकवर आले. मी खुणा करतेय, हात जोडतेय, पण त्यांनी एक नाव सोडलं नाही. यादी संपली तेव्हा वॉचमन किल्ल्या घेऊन दारात उभा होता.

"बाई, आता वेळ काही राहिला नाही," गृहस्थ माईकवरूनच म्हणाले. "तुम्ही बसलाच आहात तर राष्ट्रगीत वाजवा, म्हणजे सांगता होईल."

बाईंनी एकदा मागे वळून भरलेल्या दिवाणखान्याकडे पाहिलं आणि हात पट्ट्यांवर ठेवले. खुर्च्या सरकल्या. सगळे ताठ उभे राहिले आणि मोठमोठ्याने गाऊ लागले. मीही, काखेत शाल धरून.