आधी विझवा, मग बोला!

स्वच्छता निरीक्षकाच्या नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. वडाखालच्या पाचोळ्यासारखे ते आपोआप साठतात. इकडून झाडत जावं, तर मागं नवे पडलेलेच! लोणावळ्यात माझ्याकडे एक खास काम आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना थांबवायचं. पालापाचोळा, प्लास्टिक, जुन्या गाद्या, लोक काहीही पेटवतात आणि वर म्हणतात, "आमच्याच अंगणात तर जाळतोय!" माझं उत्तर तयार असतं. अंगण तुमचं, धूर सगळ्यांचा.

गाडी चालवायला बबनभाऊ असतात. ते मळवलीचे, आणि बोलण्यात माझ्या चार पावलं पुढं. गाडीतून उतरताना माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी विझवा, मग बोला!" ह्या एका वाक्यापुढं भलेभले गार झालेत.

*

ऐन पावसाळ्यात वलवणहून फोन आला. मुंबईचे एक गृहस्थ उन्हाळ्यातच बंगला घेऊन तिथं राहायला आले होते.

"मॅडम, शेजारी सकाळपासून काहीतरी जाळतोय. मला माझं स्वतःचं गेट दिसत नाहीये! ताबडतोब या."

गेलो. गेट खरंच दिसत नव्हतं. शेजाऱ्याचं घरही दिसत नव्हतं. बबनभाऊंनी मान वर करून हवा हुंगली.

"साहेब, धूर न्हाई ह्यो. धुकं हाय."

"एवढं?"

"ह्ये तर कमीच म्हनायचं."

गृहस्थांनी धुक्यात हात हलवून बघितला. मग म्हणाले, "बंद कधी होणार?"

"पाऊस सरला की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ह्याची तक्रार कोणत्या डिपार्टमेंटकडे करायची?"

*

विकेंडला बंगले भाड्यानं जातात, आणि जाहिरातीत ‘कॅम्पफायर’ असं ठळक लिहिलेलं असतं. अशाच एका बंगल्यावर संध्याकाळी पोचलो. पुण्याची कॉलेजची टोळी. ज्वाळा पार आंब्याच्या फांदीपर्यंत! विझवायला लावलं. पोरं बिचारी घाबरून बादल्या घेऊन पळत होती. त्यांनी मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला.

मालक एकदम गोड. "अहो मॅडम, गेस्ट आहेत माझे. तरुण मुलं आहेत. थोडं लाकूड जाळलं तर काय बिघडलं? सोडून द्या ना."

म्हटलं, "सोडते. पण लाकूड कुठलं ते तरी कळू दे." पोरांना विचारलं.

एकजण म्हणाला, "मागच्या शेडमध्ये रचून ठेवलं होतं. एकदम मस्त, गुळगुळीत फळ्या होत्या."

मी ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. पलीकडून आवाज आला तो ओळखू येईना!

"अहो, तो माझा झोपाळा आहे! सागवान आहे ते! मॅडम, ह्यांच्यावर जे जे कलम लागत असेल ते सगळं लावा!"

*

एक निवृत्त काका इस्त्रीच्या शर्टात ऑफिसला आले. खुर्चीत नीट बसले. "मला घरच्या आवारात वाळलेला पाला जाळायचाय. रीतसर परवानगी हवी."

"काका, त्याला परवानगी नसते. पाला जाळायचाच नाही. खड्डा करा, त्यात टाका, खत होईल."

"म्हणजे नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता वाद घालतील. काका उलट खुलले! "लेखी द्याल का? सहीशिक्क्यासकट?"

"नकार लेखी कशाला हवाय?"

"हिला दाखवायचाय. रोज सकाळी मागं लागते, पाला पेटवा, पाला पेटवा. मला वाकायला होत नाही."

दिला लेखी. काका आनंदात गेले. दुपारी काकू आल्या, हातात तोच कागद. चष्मा लावून म्हणाल्या, "ह्यात ‘खड्डा करा’ एवढंच लिहिलंय. खणायचा कोणी, तेही लिहा. यांचं नाव घाला!"

*

होळीला आम्ही कोणाला अडवत नाही, फक्त टायर आणि प्लास्टिक टाकू नका म्हणतो. पण होळी होऊन बरेच दिवस झाले होते आणि एका घरामागं मोठा जाळ दिसला. फांद्या, पुठ्ठे, खोकी, सगळं आत. मी उतरायच्या आधीच मालकांनी हात जोडले. "मॅडम, सण आहे. होळी!"

"होळी? आज?"

"आमच्याकडं तिथीनं असते."

बबनभाऊ गाडीतूनच ओरडले, "आवो, आमच्यातबी तिथीनंच असती! तुमची तिथी काय लोकलनं येती का? लेट झाली ती!"

मालकांना स्वतःलाच हसू फुटलं. पाइप त्यांनीच आणला.

*

आता घरचाच एक. माझं माहेर कान्हे. आमची भाताची शेती. रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब भाजणं म्हणतात. उन्हाळ्यात सुट्टीला गेले, तर आबा, म्हणजे माझे वडील, काडेपेटी घेऊन बांधावर उभे. मला बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आल्या बगा मॅडम! राब भाजायचा हाय. परवानगी द्या."

"आबा, हे गाव माझ्या हद्दीत येत नाही."

"मग तू हितं कोन?"

"लेक तुमची."

"मग बोलत काय उभी ऱ्हायलीस? पान्याची कळशी घे आन् त्या कडंला जा. वारं सुटलंय, जाळ गवतात जाया नगं!"

लोणावळ्यात मला घाबरणारी माणसं असतील. मी मात्र त्या दिवशी राब विझेपर्यंत कळशी घेऊन बांधावर उभी होते!

*

हा शेवटचा. बाजारामागच्या गल्लीत तात्या राहतात. रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. थंडीत रोज सकाळी त्यांच्या दारापुढं शेकोटी पेटायची. गल्लीतली चार-पाच म्हातारी माणसं भोवती बसायची. दुखणी, सुना, जुने साहेब, सगळ्यांचा समाचार तिथं घेतला जायचा.

समोर नवीन बिल्डिंग झाली. पहिल्या मजल्यावर सोलापूरहून एक कुटुंब आलं. त्यांच्या आजींना दमा, आणि शेकोटीचा धूर नेमका त्यांच्या खिडकीत. आजींच्या मुलानं तक्रार केली. ती रास्तच होती.

मी गेले. तात्यांनी सरकून जागा केली. "जयभीम मॅडम. या, शेका जरा."

"जयभीम तात्या. समोरच्या आजींना दमा आहे. रात्रंदिवस खोकतात. धूर त्यांच्या घरात जातोय."

तात्यांनी खिडकीकडं पाहिलं. एका शब्दानं वाद घातला नाही. आत गेले, तांब्या आणला आणि स्वतःच्या हातानं जाळावर पाणी ओतलं.

"मला सांगायचं व्हतं की त्यांनी. मी काय दुश्मन हाय व्हय?"

शेकोटी बंद झाली, तशी बैठकही मोडली. जाता-येता तात्या एकटेच दारात बसलेले दिसायचे. नियम बरोबर होता, तरी मला तिकडं बघवत नसे.

एकदा तो मुलगा रस्त्यात भेटला. म्हटलं, "आईंना बरं आहे ना आता?"

"खोकला खूप कमी आहे मॅडम. पण चिडचिड करते. खिडकीत बसते आणि म्हणते, खाली माणसं का दिसत नाहीत? तूच घालवलीस!"

त्यानंतर काही दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत, आमची गाडी त्या गल्लीत वळली. तात्यांच्या दारापुढं सगळी मंडळी गोल करून बसलेली! मफलर, कानटोप्या, आणि सगळ्यांचे हात पुढं पसरलेले. मी ताडकन गाडी थांबवायला लावली. तरातरा गेले आणि वाकून बघितलं.

मधे विस्तव नव्हता. राखसुद्धा नव्हती. झाडून स्वच्छ केलेली फरशी. तात्यांच्या शेजारी शाल पांघरून समोरच्या आजी बसल्या होत्या. त्यांचेही दोन्ही हात पुढं.

"अहो, इथं तर काहीच पेटलेलं नाही," मी म्हटलं. "मग हात कशाला पुढं केलेत?"

आजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"गप गं पोरी. आत्ता कुठं ऊब यायला लागलीया!"