आगाऊ उपकारस्तुती

मी एकदा देवाचे आभार ॲडव्हान्समध्ये मानले. अंगणात मांडव घालून, मटण-पुलाव शिजवून, अर्धी कॉलनी जेवायला बोलावून.

हसा. मीही हसते. आता ऐंशीला टेकलेय, पुढचे दात गेलेत, तरी त्या बाईला हसायला तोंड पुरतं. ती बाई म्हणजे मीच – चोपन्न वर्षांची, नाशिक रोडला राहणारी, चर्चच्या स्त्रीमंडळाची सेक्रेटरी आणि विश्वासात आपल्यापुढे कोणी नाही असं समजणारी.

आधीच सांगते, मी दृष्टान्त-बिष्टान्त मानणाऱ्यातली नव्हते. चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला उभं राहिलं आणि "मला प्रकाश दिसला" म्हणालं, की मी शेजारणीला कोपर मारायचे – "लाइट आली असेल गं." देव होताच. पण कसा? एसटीचं टाइमटेबल असतं ना, तसा. भिंतीवर लावलेला. गाडी नाही आली तरी आपण टाइमटेबलावर थोडंच रागावतो!

तुम्ही सगळे या ग्रुपवर भुताखेतांचं लिहिता. माझ्याकडे भूत नाही. जे आहे, ते तुम्हीच वाचा आणि काय ते ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९९८ ची थंडी. माझा मुलगा प्रशांत, बत्तीस वर्षांचा, एकुलता एक. पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि शनिवारी रिपोर्ट मिळणार होता. सून संगीता – माझी नात तेव्हा तिच्या कडेवर – तोंडाने काही बोलायची नाही, पण भाजी निवडतानाही तिचे ओठ हलत असायचे.

त्याच आठवड्यात चर्चमध्ये उज्जीवन सभा होत्या – थंडावलेला विश्वास पेटवायच्या. बाहेरगावचा वक्ता. तो म्हणाला, मिळाल्यावर आभार कोणीही मानेल, खरा विश्वास मिळण्याआधी आभार मानतो. झालं! आमच्या शहाणीच्या डोक्यात किडा शिरला. आमच्यात चांगलं काही घडलं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात – पाळकसाहेब येतात, गीतं, प्रार्थना, मग जेवण. मी ती शनिवारीच ठेवली. रिपोर्टच्याच दिवशी, संध्याकाळी पाचला.

"आई, रिपोर्ट येऊ द्या ना आधी," संगीता म्हणाली.

"हाच तो अविश्वास," मी म्हणाले. असं म्हणाले मी तिला. कडेवर पोर असलेल्या बाईला.

शनिवारी दुपारी प्रशांत आणि संगीता रिपोर्ट आणायला गेले. मी आचाऱ्याच्या मागे लागून कांदा तळून घेत होते. साडेचारला रिक्षा थांबली. संगीता आधी उतरली आणि तिचा चेहरा बघून मी हातातला झारा खाली ठेवला. कोणाला काही विचारावं लागलं नाही.

प्रशांतने मांडवाकडे बघितलं, लाल-निळ्या झालरी, ओळीने मांडलेल्या खुर्च्या. म्हणाला, "काय आई, माझं दुसरं लग्न लावतेस का?"

मी म्हटलं, सगळ्यांना परत पाठवते.

"नको. शिजलंय ना? जेवून जाऊ देत लोक. मलाही भूक लागलीय."

लोक आले. पाळकसाहेबांना मी दारातच सांगितलं. ते बिचारे, आभाराची प्रार्थना पाठ करून आलेले, हातातलं पुस्तक नुसतं उघडत-मिटत राहिले. मग गीत सुरू झालं. आनंदाचं गीत – यादी मीच दिली होती. प्रशांत पहिल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले.

मागचं अंगण म्हणजे काय – चार पावलं फरशी, कपडे धुवायचा दगड, एक पपईचं झाड. तिन्ही बाजूंनी पुरुषभर भिंत, वर काचा रोवलेल्या. यायचं-जायचं ते फक्त स्वयंपाकघरातून. मी दगडाशेजारी उकिडवी बसले. ठरवलं होतं की आज देवाला सुनावायचं. इतकी वर्षं चर्चच्या सतरंज्या झटकल्या, त्याचा हिशोब मागायचा. तोंड उघडलं...

आणि मग ते झालं.

प्रकाश नाही, आवाज नाही. तळलेल्या कांद्याचा वास येत होता तो तसाच येत राहिला. फक्त माझ्याजवळ कोणी तरी होतं. लहानपणी दुपारी जाग यायची आणि डोळे न उघडताच कळायचं ना, की आई खोलीत आहे, काही तरी शिवत बसलीय – तसं. कोण, ते विचारावंसं वाटलं नाही. मला माहीत होतं. जन्मभर ज्याचं नाव घेत होते, तो होता.

आणि मी भरले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. सकाळपासून पोटात नुसता चहा, पण आतून काठोकाठ. जन्मभर मला काही ना काही हवंच असायचं – फ्रीज हवा, जावेसारखं गंठण हवं, प्रशांतला साहेबाची नोकरी हवी, स्त्रीमंडळात माझं ऐकायला हवं. ते सगळं हवं-हवं एकदम गप्प झालं. प्रशांतचं दुखणं मी विसरले नव्हते. ते होतं. पण तेही त्याच्या हातात होतं, मीही होते, आणि मला आणखी काहीही नको होतं. काहीही. प्रभू आहे, पुरे आहे. एवढंच.

किती वेळ, कोण जाणे. शेजारच्या भामरे वहिनी मागच्या दारात आल्या तेव्हा बाहेर पंगत बसली होती. वहिनी देवळ्याकडच्या, आमच्या धर्माच्या नाहीत, त्या दिवशी वाढायला मदत करत होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक ताट.

"मावशी, ते पाव्हणे कुठं गेले?"

"कोण पाहुणे?"

"आता गं! तुमच्याजवळ बसेल होते ते. खिडकीतून दिसले ना मला, पाठमोरे, तुमच्यासारखेच उकिडवे. म्हणलं त्यांनाबी हितंच वाढावं."

त्यांनी पपईच्या झाडामागे वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग एक ताट माझ्यापुढे ठेवून दुसरं घेऊन आत गेल्या. नंतर मी त्यांना उलटसुलट विचारलं, थट्टा केली, दम दिला. बाई शब्दाने हलली नाही. "दिसलं ते दिसलं. मला काय पडलंय खोटं बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना माझा हात थांबला. अगं बाई... मी मागायचंच विसरले!

लक्षात येतंय का तुमच्या? जन्मात एकदा तो स्वतः येऊन माझ्याशेजारी फरशीवर बसला, घरात तरुण मुलगा मरायला टेकलेला, आणि ही बया तृप्त होऊन बसली. "माझं पोर वाचव" – तीन शब्द. दुधाच्या भैय्याशी घासाघीस करायला अर्धा तास असायचा माझ्याकडे.

मग सुरू झाला माझा तमाशा. रोज तिथेच जाऊन बसायचं. त्याच वेळी, तसंच उकिडवं, उपाशीपोटी. गुडघे धरायचे. एकदा तर आत कांदा तळत ठेवून बाहेर बसले, त्या वासाने तरी येईल म्हणून, आणि कांदा जळून घरभर धूर. कोणी आलं नाही. फरशी नुसती फरशी होती.

मे महिन्यात प्रशांत गेला. घरीच, सकाळी, संगीताच्या हातून दोन चमचे पाणी पिऊन.

त्यानंतर आजपर्यंत काही नाही. चर्चला जाते, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून बाकावर बसून प्रार्थना करते, आमेन म्हणते. आत सगळं कोरडं. फ्रीज आला, गंठणही आलं. एकाचीही चव लागली नाही. कारण खरं भरणं काय असतं ते मला कळून चुकलंय, आणि ते पुन्हा मिळेल अशी आशा आता मला नाही. कधी वाटतं, तो आलाच नसता तर मी सुखाने कुरकुरत म्हातारी झाले असते. लोक विचारतात, मग चर्चला का जाता? अहो, दुसरीकडे कुठे जाऊ? दुसऱ्या कुठल्याच दारावर माझी भूक भीक मागत नाही.

संगीताला मी हे पाच-सहा वर्षं सांगितलं नव्हतं. भीती वाटायची. तिने दुसरं लग्न केलं नाही, शाळेत नोकरी धरली, मला आणि पोरीला सांभाळलं. तिच्या नवऱ्याचा जीव मी मागायला विसरले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी एका रविवारी मटार सोलताना बोलून टाकलं. सगळं. भामरे वहिनींच्या ताटासकट. म्हटलं, "मी मागितलं असतं तर..."

ती सोलत राहिली. रडली नाही, चिडली नाही. शेंगांकडेच बघत म्हणाली –

"आई, तुम्ही विसरलात म्हणून काही झालं नाही. मी त्या चार महिन्यांत दुसरं काही मागितलंच नव्हतं. माझ्याशेजारी कोणी येऊन बसलं नाही."