मनोऱ्यावरचा विडा

भुताच्या गोष्टी मी फार रंगवून सांगतो, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. लाइट गेले की भाच्या-पुतण्यांच्या मधोमध बसायचं आणि त्यांची पार गाळण उडवायची, हा माझा आवडता उद्योग. पण विश्वास? छे. हलवाई कुठे पेढे खातो? तेव्हा पुढचं वाचून 'मामांनी नेहमीसारखी फोडणी घातली' असं म्हणालात तरी माझी हरकत नाही. फक्त जेवत असाल, तर आधी जेवण उरकून घ्या.

माझी भाची गौरी अंबडला एका कंपनीत आहे. तिथलाच अभिजित. दोघांचं जमलं, आमच्या सुनंदाताईची म्हणजे गौरीच्या आईची ना नव्हती. अडलं होतं ते अभिजितच्या आईपाशी. त्या लासलगावच्या. त्यांचे यजमान मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचे, ते तोंडाच्या कॅन्सरने गेले. तेव्हापासून बाईंची एकच अट — सोयरिकीत तंबाखू खाणारा माणूस नको. आणि कुण्या भल्या माणसाने त्यांच्या कानात घातलं होतं, की मुलीचे मामा खातात!

आता माझे दात बघितले तर कोणालाही तसंच वाटेल. ते चहाचे प्रताप. बाकी मी लग्नातली सुपारीसुद्धा खिशात टाकून आणतो.

घरी पोहे खायला यायला त्या तयार नव्हत्या. ताईला फोनवर म्हणाल्या, "घरी काय, सगळेच दात घासून बसतात. आपण त्या बागेतल्या मनोऱ्यावर जाऊ. खाणारा माणूस जिन्यात थुंकल्याबिगर वर जात नाय."

थोडक्यात, बघण्याचा कार्यक्रम होता आणि दाखवायचा होता मी.

गंगापूर रोडने शहराबाहेर पडलं की टेकडीवर ती बाग लागते. रविवार, दुपारचे चार. बोगनवेल, घसरगुंडी, भेळवाला, सगळं प्रसन्न. ताई गुडघ्यांमुळे खाली बाकावर बसली. मुलं पुढे, मग मी, आणि माझ्या मागे दोन पायऱ्या सोडून बाई.

त्या जिन्याचं वर्णन करायचं म्हणजे... प्रत्येक वळणाच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या. जुन्या काळपट, नव्या ओल्या लाल. कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावलेल्या, तर लोकांनी देवांच्या चारी बाजूंनी नेम धरून महिरप काढल्यासारखं थुंकून ठेवलेलं. एका ठिकाणी नेम चुकलेला. उन्हाने तापून सुटलेला तो गोडसर, कुजका वास. मी कठड्याला हात लावला तर चिकट — आणि कोमट. हात धरायचा कुठे आणि पुसायचा कुठे?

मी मात्र अखंड बोलत होतो. भरल्या तोंडाने बोलता येत नाही ना. एका वळणावर तर अभंगाची ओळसुद्धा म्हटली. मागून बाई म्हणाल्या, "आवाज चांगलाय."

वर पोचलो. गार वारा, एका बाजूला धरणाचं पाणी, द्राक्षबागा, लांब पांडवलेण्यांचा डोंगर. बाईंचा चेहरा सैल झाला.

"मामा, मनात ठेवू नका. लोक काहीबाही सांगतात."

जिंकलो. 'अहो, त्यात काय' म्हणायला मी तोंड उघडलं —

आणि तोंड भरलं.

हळूहळू नाही. एकदम. दोन्ही गाल, जिभेखाली, कोमट, बुळबुळीत आणि आधीच चावलेलं. दुसऱ्या कोणीतरी, सावकाश, पुष्कळ वेळ चावलेलं. पानाच्या शिरा, सुपारीचा चुरा, चुन्याची चरचर, तंबाखूची झणझण. आणि लाळ. माझी नव्हे. आपली लाळ आपल्याला ओळखता येते, हे मला त्या क्षणी कळलं.

"मामा, काकूंच्या शेजारी उभे राहा," गौरीने फोन धरला. "आणि हसा. दात दाखवायलाच तर आणलंय तुम्हाला."

गिळू? पोटातून उलटून आलं असतं. खाली टाकू? खाली घसरगुंडीवर पोरं. मी ओठ गच्च मिटून उभा राहिलो, नव्या नवरीसारखा. तेवढ्यात ओठाच्या कोपऱ्यातून एक लाल धार निघाली आणि पांढऱ्या शर्टावर उतरली.

गौरीने फोन खाली घेतला. मी काही खात नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक. तरी क्षणभर तिला वाटलं की मी खातो, आणि आजच्या दिवशीसुद्धा मला राहवलं नाही. तिचे डोळे भरून आले. अभिजित आईकडे बघत होता.

मी रुमालात सगळं ओकलो. "देवाशपथ सांगतो —"

"रुमाल दाखवा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. नाकाजवळ नेला. मग त्यांनी बोटाने तो लगदा — हो, बोटाने — उकलला आणि त्यातून चघळून कुंचल्यासारखी झालेली एक काडी काढली.

"ज्येष्ठमध," त्या म्हणाल्या. "पुकारून पुकारून ह्यांचा घसा बसायचा. म्हणून मी विड्यात काडी घालायची. अशी उभी चिरून. टपरीवर नाय मिळत असा विडा."

त्यांनी ती काडी रुमालाच्या कोरड्या टोकाला पुसली.

"शेवटी तोंड उघडत नव्हतं ह्यांचं. खुणा करायचे, एक दे, एकच दे. मी नाय दिला."

मला वाटलं आता बाई रडणार. त्या कठड्याकडे वळल्या आणि समोरच्या रिकाम्या हवेला, घरात ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, झापायला लागल्या.

"अहो, मेल्यावर तरी सोडा. आणि लाज कशी वाटली नाय? सोयऱ्याच्या तोंडात?"

सोयऱ्याच्या. गौरीने तो शब्द ऐकला, अभिजितने ऐकला, आणि पुढचं काही ठरवायचं उरलं नाही.

उतरताना मी प्रत्येक वळणावर थुंकलो. लाज वाटत होती, पण इलाज नव्हता. बाई मागून बघत होत्या. रुमाल त्यांच्या पर्समध्ये गेला. मी तो मागितला नाही, आणि तुम्हीही मागितला नसता.

ताईचं म्हणणं, वाऱ्याने कुणाचं तरी उडून आलं असेल. पण आमच्या वर आभाळ होतं, आणि आभाळ तंबाखू खात नाही. डेंटिस्टने दात बघून चहा कमी करायला सांगितला. गौरीचे सासरे येणारच होते, तर मुलाच्या तोंडात यावं, गेला बाजार त्या भेळवाल्याच्या. माझंच तोंड का? कितीतरी दिवस मला घास तोंडात फिरवताना शिसारी यायची.

लग्न झालं. आता त्यांच्या घरी गेलो की विहीणबाई चहाच्या निमित्ताने मला आत बोलावतात आणि हळूच विचारतात, "परत आले होते?"

मी नाही म्हणतो. खरंच आलेले नाहीत.

"बरं," त्या म्हणतात आणि गॅस बारीक करतात. त्या दुपारचा उलगडा मला झालेला नाही आणि होईल असंही वाटत नाही. पण मी नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटतं की वाईट, तेवढं तरी कळावं म्हणून मी दर वेळी त्यांच्या तोंडाकडे नीट बघतो. तेही कळत नाही.