घरातली ड्युटी

आमच्या घरात नोकरी या शब्दाचा अर्थ ठरलेला होता. नोकरी म्हणजे घराबाहेर पडणं. पप्पा लातूर डेपोत कंडक्टर होते. आमच्या मुरुडहून पहिल्या गाडीनं ते लातूर गाठायचे तेव्हा आम्ही भावंडं अजून अंथरुणातच असायचो. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी. दाराबाहेर पाय पडला की ते घरचे राहत नसत. मागून हाक मारली तरी वळायचे नाहीत, चालता चालता एवढंच म्हणायचे, "ड्युटीवर हाय." माझा भाऊ तापानं फणफणला होता तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. लहानपणी त्या शब्दाचा मला भयंकर राग यायचा.

त्यामुळं दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन परत आले आणि मागच्या खोलीत टेबल मांडलं, तेव्हा माझी नोकरी गेली असंच गल्लीनं गृहीत धरलं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना गोड भाषेत कळवायच्या, असं ते काम. तुझ्या स्वभावाला धरून आहे, असं आई म्हणते, फक्त गोड भाषा सोडून. पण घरी बसून दुसऱ्याच्या चुका काढण्याला गल्ली काम म्हणायला तयार नव्हती. ते तर ओट्यावर बसून सगळ्यांनाच जमतं.

कामाला काम म्हणत नव्हते हे एक वेळ चाललं असतं. पण मी रिकामी आहे, हेही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शेजारच्या काकू रिकामं सिलिंडर आमच्या ओट्यावर आणून ठेवायच्या, "तू घरीच हायस की" म्हणून. चुलते पीकविम्याचा फॉर्म घेऊन यायचे, त्यांच्या मागं त्यांचे तीन दोस्त, प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड. बिलोलीची मावशी फोनवर विचारायची, "काय करायलीस ग?" मी काम करते म्हटलं की समजुतीनं म्हणायची, "बरं बरं, झाडून झालं की फोन कर." पुण्यात मला मीटिंग चालू असताना कुणी कधी मेथी निवडायला दिली नव्हती. इथं दिली, आणि मी निवडलीही. शिवाय पाठ धरायची, लाईट जायची, आणि ऑफिसातल्या ज्या गोष्टी चहाच्या टपरीवर ठरतात त्या मला सगळ्यांत शेवटी कळायच्या. घरून काम म्हणजे मजाच मजा, असं कुणी म्हटलं की मला आजही चिडायला होतं.

मी परत आले ते पप्पांसाठी. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. एका सकाळी दाढी करताना हातातलं रेझर गळून पडलं, उजवी बाजू लुळी पडली आणि तिच्यासोबत वाचाही गेली. पाय हळूहळू सावरला. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन मागं फिरायचे. ज्या माणसाचा आवाज खचाखच भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, त्याला पाणी मागता येत नव्हतं. त्यांना याची इतकी शरम वाटायची की बाहेरचं कुणी आलं की ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. लातूर-नांदेड गाडीवर वर्षानुवर्षं त्यांच्या जोडीला असलेले ड्रायव्हर काका दोनदा आले, दोन्ही वेळा त्यांची पाठ बघून गेले. मग ते यायचेच थांबले.

लातूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की जे शब्द जिभेला रोजच्या सवयीचे, ते आधी परततील. आकडे म्हणून घ्या, प्रार्थना म्हणून घ्या. आईनं बुद्धवंदना म्हणून बघितली. पण वंदना आईला पाठ, पप्पा बहुतेक पौर्णिमांना गाडीवर असायचे. ते नुसते तिच्या तोंडाकडं बघत राहायचे आणि आई पदरानं डोळे पुसायची. एक दिवस अकराच्या सुट्टीत मी चहा घेऊन त्यांच्या खाटेशी बसले आणि सहज थट्टेनं म्हणाले, "पप्पा, गाडी लागली. बोला, कुठून सुटणार?" त्यांचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. मग आवाज आला, "ला... लातूर."

त्या दिवसापासून आमची गाडी रोज सुटायला लागली. अकराला पंधरा मिनिटं, चारला पंधरा मिनिटं, कंपनीनं दिलेल्या चहाच्या सुट्टीत. लातूर, आष्टामोड, चापोली, शिरूर ताजबंद. एकेका थांब्याला कधी आठवडा लागला, कधी महिना. अहमदपूर आलं तेव्हा मी खोलीत जाऊन दार लावलं आणि एकटीच नाचले. पण अहमदपूरच्या पुढं गाडी जाईना. तिथं खरी गाडीही दहा मिनिटं चहाला थांबायची, म्हणून जिभेनंही तीच सवय धरली असावी. पुण्याला असते तर मी दर रविवारी फोन करून "आज बरं वाटतंय का" एवढंच विचारलं असतं. ही दोन पंधरा-पंधरा मिनिटं मला घरानं दिली, आणि त्यासाठी मी हजार सिलिंडर उतरवून घेतले असते.

आईनं त्यांच्या खाटेजवळ खिडकीच्या गजाला बैलाच्या गळ्यातली एक घंटी बांधली होती आणि तिची दोरी त्यांच्या डाव्या हाताशी सोडली होती. घंटी वाजली की आई पाणी घेऊन धावायची. पप्पा कधी एकदा वाजवायचे, कधी दोनदा, आई प्रत्येक वेळी तांब्या पुढं करायची. महिनाभर बिचाऱ्यांनी न मागितलेलं पाणी प्यायलं. शेवटी एकदा मी त्यांना घाईघाईनं भरवत होते, तेव्हा एक टोला पडला. मी थांबले. त्यांनी घास गिळला आणि दोन टोले दिले. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. बाप गाडीच्या भाषेत बोलत होता, आणि कंडक्टरच्या घरात ते कुणाला ओळखू आलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तेही गल्लीच्याच बाजूचे होते. रोज सकाळी साडेनऊला मी लॅपटॉप उघडला की डाव्या हातानं दाराकडं बोट करायचे. कामावर कधी जाणार, असा त्याचा अर्थ. "हेच काम आहे पप्पा," मी सांगायचे. ते मान फिरवायचे. गल्लीचं मी मनावर घेतलं नाही, पण ते मान फिरवणं मला रोज लागायचं.

मग कंपनीचं पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात यायचं. ज्यांना घरूनच काम करायचं असेल त्यांच्याशी वरचे साहेब एकेक करून बोलणार आणि ठरवणार. ते पत्र वाचून मला दोन रात्री झोप लागली नाही. नोकरी सोडून भागणारं नव्हतं, आणि मला ती सोडायचीही नव्हती, मेहनतीनं मिळवली होती. पप्पांना उठवणं-बसवणं आईला जमलं असतं. पण थांबे म्हणून घ्यायला ती बसली की ते ओठ घट्ट मिटायचे. मी गेले असते तर गाडी अहमदपूरलाच उभी राहिली असती. साहेबांना मात्र पप्पांचं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मला कीव नको होती, कामावर मिळेल तेवढंच हवं होतं.

बोलणं पौर्णिमेच्या दिवशी होतं. आई पांढरी साडी नेसून गल्लीतल्या बायकांबरोबर विहारात गेली होती. पप्पा पुढच्या खोलीत खाटेवर, मी मागच्या खोलीत दार लोटून बसलेले. साहेब शांतपणे बोलत होते. "तुमच्या कामाची तक्रार नाही," ते म्हणाले. "पण माणूस घरी बसून कामावर आहे हे घरच्यांनाच पटत नाही, असा माझा अनुभव आहे. तुमच्या घरी पटतं का?"

मी सरळ खोटं बोलणार होते. "हो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर अंगणातून आवाज आला. "मास्तर! हायेत का घरात?"

ड्रायव्हर काका. इंजिनाच्या वर चढायची सवय असलेला आवाज. गाडीवरच्या रिवाजानं ते पप्पांना मास्तर म्हणायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर होतं, पत्रिका घेऊन आले असणार. आता ते सरळ आत येणार, पप्पा भिंतीकडं वळणार, आणि पाहुण्याला पाणी द्यायला कुणी नाही म्हणून काका माझं दार वाजवणार. संपलं सगळं, असं मला वाटलं.

घंटीचा एक टोला पडला.

पावलं जिथल्या तिथं थांबली. त्या एका टोल्यावर ज्यांचा पाय जन्मभर ब्रेकवर गेला, त्यांचा पाय आमच्या अंगणातही त्याच सवयीनं थांबला होता. मग पप्पांचा आवाज आला, तुटत, पण चांगला मोठ्यानं.

"पोरगी," ते म्हणाले. "पोरगी... ड्यु... ड्युटीवर हाय."

समोर पडद्यावर साहेब वाट बघत होते. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील, सर. कंडक्टर होते. दारात पाहुणे आलेत, त्यांना थांबवलंय."

साहेब हसले. "माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं," ते म्हणाले आणि कामाबद्दल विचारायला लागले. पुढची पंधरा मिनिटं मी जशी बोलले तशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की घरूनच करा, तीन महिन्यांतून एकदा चार दिवस पुण्याला या. टीमचं प्रमुखपद मात्र ऑफिसात बसणाऱ्याकडंच जाईल, हेही त्याच दमात सांगितलं. त्या पदावर माझा हक्क होता. राग आला, अजूनही येतो. पण त्या घडीला मला दुसरंच काहीतरी बघायची घाई होती.

मी दार उघडलं. पप्पा उशीला टेकून बसले होते, तोंड भिंतीकडं नव्हतं, दाराकडं होतं. अंगणात ड्रायव्हर काका हातात पत्रिका घेऊन भर उन्हात उभे.

"आत या की काका," मी म्हणाले.

"मास्तरनं डबल दिल्याबिगर कसं हलावं?" ते म्हणाले, आणि ते थट्टेनं म्हणत नव्हते.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. झालं का, असं ते विचारत होते. मी मान हलवली. त्यांनी दोनदा दोरी ओढली. काका चपला काढून आत आले आणि मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन भोकाड पसरलं, खोटं कशाला सांगू.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काका खाटेच्या कडेला, पप्पांच्या पुढं, तोंड दाराकडं करून बसले होते. गाडीत बसायचे तसेच. मी त्यांना सांगितलं, गाडी चार महिने अहमदपूरला उभी आहे.

"एवढा येळ चहा पितेत व्हय मास्तर?" काका मागं न बघता म्हणाले. "चला, प्याशिंजर ओरडालालेत."

पप्पांच्या घशातून हसू निघालं. आजारपणानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं. "माळा," ते म्हणाले. "माळाकोळी." काकांनी मान डोलावली. "लोहा." त्यानंतर सोनखेड, बराच वेळ घेऊन. विहारातून आलेली आई उंबऱ्यातच उभी राहिली, आत यायचंच विसरली. आणि मग, कुणी न विचारता, पप्पांनी स्वतःच सांगून टाकलं, "नांदेड. उतरा."

आईनं त्यांच्या गालावरून हात फिरवला. काका कितीतरी वेळ नाक शिंकरत होते. मी घड्याळ बघितलं, अकराची सुट्टी संपत आली होती. मी रिकामे कप उचलले आणि माझ्या खोलीकडं निघाले.

"आगं बस की जरा," काका मागून म्हणाले. "घरातल्या घरात कुठं निघालीस?"

मी वळले नाही. "ड्युटीवर हाय, काका," चालता चालता म्हणाले.

मागं पप्पांनी दोनदा दोरी ओढली.